पोटरी, तीन अक्षरं

"गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला! तीन अक्षरं! पहिलं प!"

आमची बायको गॅलरीत उभी राहून ओरडत होती. बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याच्या आमच्या गल्लीत खाली कापडाचे लूम चालतात, तेव्हा साधं 'जेवलात का' विचारायलाही गळ्याच्या शिरा फुगवाव्या लागतात. ओरडण्याबद्दल तक्रार नाही. ती ओरडत होती समोरच्या गॅलरीकडे, आणि मी, तिचा लग्नाचा नवरा, तिच्यापासून दोन हातांवर बशीत चहा ओतत बसलो होतो.

गल्लीत मराठी पेपर एकच येतो, चार घरांत फिरतो. पहिला मान आमचा. पुढच्यांना खोडून पुन्हा सोडवता यावं म्हणून शब्दकोडं पेन्सिलीनं भरायचं, हा कायदा. तीस वर्षं त्यातलं अडलेलं सगळं तिनं मलाच विचारलं. मीही नुसतं उत्तर देणाऱ्यातला नाही. 'यकृत' म्हटलं की धूलकोटच्या मामाचं यकृत आलंच. मामा घोड्याची नाल भाकरीत कुस्करून खायचा आणि वर ताक मागायचा!

दिवाळीनंतर समोर हे कंपाउंडर राहायला आले. जन्मभर हाडांच्या डॉक्टरकडे नोकरी केलेले. बायकोनं बरगडी विचारली की हा माणूस सदरा वर करून बरगडी मोजून दाखवणार! आणि ही हसणार! माझ्या पोटात असा जाळ उठायचा, की तापीत उतरलो असतो तर मासे शिजून वर आले असते.

मग मी बाजारातून शरीराचा तक्ता आणला, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि शर्ट शोधायच्या निमित्तानं आठ दिवस घोकला. त्यामुळे त्या दिवशी समोरच्यानं रेलिंगवर पाय टाकायच्या आत मी गरजलो, "पिंडली!" पेपर हिसकला आणि लिहून मोकळा झालो. तेही पेनानं.

तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेत कंपाउंडर हळूच म्हणाले, "वहिनी, पोटरी. पिंडली हिंदीत म्हणतात."

खालून कोणीतरी विचारलं, "काका, तक्ता कुठून आणला?" म्हणजे कपाटातली गोष्टही गल्लीभर झाली होती! आणि तक्ता खरंच हिंदी होता. बुऱ्हाणपुरात दुसरा मिळतो कुठे?

ती खोडरबरानं पेनाची अक्षरं घासत बसली. कागद फाटायला आला.

"त्यालाच का विचारतेस गं?" मी म्हणालो. "मी काय मेलो होतो इथं?"

तिनं मान वर केली नाही. "तुम्हाला विचारलं की चहा गार होतो."