टॉवेलाखालची मुद्रा

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर एक चिनी बाई इथे आखातात, रुमैथियातल्या आमच्या क्लिनिकमध्ये माझ्याकडे बोटांच्या व्यायामासाठी येऊ लागल्या. साठीच्या, निवृत्त शिक्षिका, इंजिनिअर मुलाकडे राहायला आलेल्या. मी सांगितलेलं सगळं मुकाट करायच्या आणि मग हातांवर टॉवेल पांघरून आत बोटं गुंफत बसायच्या.

"अहो, मला बोटं दिसायला नकोत?" एकदा मी वैतागलेच.

"ही मुद्रा आहे. उघड्यावर करायची नसते," त्या जपून इंग्रजीत म्हणाल्या. "मंत्र-मुद्रांचा बौद्ध मार्ग तुमच्याकडच्या भिक्षूंनीच आमच्याकडे आणला. झाकायचा नियमही त्यांचाच."

आता नियम आमचाच म्हटल्यावर मी टॉवेल राहू दिला. शिवाय बोटं चांगली वळायला लागली होती.

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "हात द्या. ही साधी मुद्रा आहे, देता येते." टॉवेलाखाली त्यांनी माझं एकेक बोट जागेवर बसवलं. "माझ्या गुरूंनी मला अशीच दिली. त्यांना त्यांच्या गुरूंनी. ही रांग मागे थेट तुमच्या गावांपर्यंत जाते."

काल खैतानला घरी ओढणीखाली माझी बोटं हलताना पाहून नवऱ्याने विचारलं, "काय गं, काय चाललंय?"

"उघड्यावर दाखवायचं नसतं," मी म्हटलं. "आपल्याकडचाच नियम आहे."