पापणी हलली तर

माझ्या थोरल्या मामांचं मटणाचं दुकान होतं. पांढऱ्या फरशीचं, आणि मागे एक छोटं अंगण. शाळेत मैत्रिणींना मी नुसतं 'मामांचं दुकान आहे' एवढंच सांगायचे. कसलं, असं कुणी विचारलं की विषय बदलायचे. मामा मात्र आपल्या कामाबद्दल कधी दबक्या आवाजात बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं की एका जनावरासमोर दुसरं मारायचं नाही आणि सुरी त्याला दिसू द्यायची नाही. मामा मेंढीला आधी पाणी पाजायचे, तिच्या मानेवरून हात फिरवत उभे राहायचे आणि ती शांत झाली की एका झटक्यात काम संपवायचे.

"खायचं तर आहेच," ते म्हणायचे, "मग निदान घाबरवून तरी मारू नये."

त्यांची मुलगी, आमची ताई, हे सगळं बघत वाढली आणि चौदाव्या वर्षी तिनं मटण सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. मामी मुकाट्यानं शेगडीवर दुसरं पातेलं चढवायला लागली. मामांना ते लागलं.

पुढे गावाबाहेर मोठा मांस कारखाना उभा राहिला आणि दुकानामागे जनावर कापायला बंदी आली. मामांनी दुकानाला कुलूप घातलं. कारखान्याच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब मामांच्या निम्म्या वयाचे, बोलायला गोड. म्हणाले, "काका, तुमच्यासारखा हळवा माणूस मला हवाच होता."

काम असं होतं. मेंढ्या एका अरुंद वाटेनं यायच्या. एक कामगार त्यांच्या डोक्याला विजेचा चिमटा लावून त्यांना बेशुद्ध करायचा. मग त्या साखळीला उलट्या टांगल्या जायच्या आणि सुरीवाल्याकडे सरकायच्या. मामा या दोघांच्या मध्ये उभे. प्रत्येक मेंढीच्या डोळ्याला बोटाचं टोक लावायचं. पापणी हलली नाही तर पुढे जाऊ द्यायचं. हलली तर मेंढी शुद्धीवर आहे, लाल बटण दाबून साखळी थांबवायची. कारखान्याच्या प्रत्येक पाकिटावर हिरवं पान आणि 'मायेनं हाताळलेलं' असा शिक्का असायचा, तो या बोटाच्या जोरावर. बाकीचे कामगार मामांना 'डोळ्यांचे डॉक्टर' म्हणायचे. "काय डॉक्टर, आज पेशंट किती?" मामाही हसायचे.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग मागणी वाढली आणि पाळीतल्या आठशे मेंढ्यांच्या तेराशे झाल्या. वाट तीच, चिमटा तोच, फक्त तो लावून धरायला पुरेसा वेळ राहिला नाही. मामांच्या बोटाखाली पापण्या हलायला लागल्या. दिवसातून चार वेळा, मग दहा वेळा ते बटण दाबायचे. साखळी थांबली की पाळी लांबायची, कारण आकडा पुरा झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. डॉक्टर म्हणून हाक मारणारे आता त्यांच्यासोबत डबा खायला बसेनात.

साहेबांनी बोलावलं. "काका, ते बटण आणीबाणीसाठी आहे."

"साहेब, तिच्यासाठी ती आणीबाणीच आहे की."

साहेब हसले. "खरंय तुमचं. पण जरा तारतम्यानं घ्या."

मामांनी तारतम्यानं घेतलं. हे शब्द त्यांचेच, मला सांगताना वापरलेले. एके दुपारी एका मेंढीची पापणी हलली. नुसती हलली नाही, तिनं डोळा फिरवून मामांकडे पाहिलं. त्यांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात सुरीवाला म्हणाला, "राहू दे ना यार. पोरीचं शाळेत नाटक आहे, आज तरी वेळेवर सोड." सुरीवाला मामांचा तिथला एकुलता एक मित्र. मामांनी हात मागे घेतला. मेंढी पुढे सरकली. संध्याकाळी त्यांनी रोजच्या कागदावर सही केली: 'सर्व जनावरे पूर्ण बेशुद्ध असल्याची खात्री केली आहे.' दुसऱ्या दिवशी हात मागे घेणं सोपं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून सोपं.

चार वर्षं असं चाललं. मग एका रविवारी ताई जेवायला आली असताना मामांनी घास ताटात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. मीही होते तिथे. मामी "जेवताना कशाला हे" म्हणत राहिली. मामांना वाटलं असावं, ताई निदान जवळ घेईल.

ताई म्हणाली, "बाबा, तुम्ही एक मेंढी तशीच पुढे जाऊ दिलीत की हजार, त्यानं काय फरक पडतो? तुम्ही तिथे उभे होतात म्हणूनच लोक ते पाकीट निर्धास्त उचलत होते. कारखान्यानं मन ठेवायला तुम्हाला नेमलं होतं, म्हणजे बाकीच्यांना ते ठेवायला नको."

"मग मी नसतो तर बरं झालं असतं?"

"ते मला माहीत नाही."

"तुला नाही माहीत, आणि मी सहा वर्षं बोट लावून उभा आहे!" मामांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी ऐकला.

पण ते शब्द त्यांना लागले होते. त्याच आठवड्यात त्यांनी सरकारी तपासनीसाकडे लेखी तक्रार केली. चौकशीची नोटीस आली आणि कारखाना तीन दिवस बंद राहिला. चौथ्या दिवशी तपासनीस आले तेव्हा साखळी लग्नाच्या वरातीसारखी संथ चालली होती, आणि चिमटा नवा होता. एकही पापणी हलली नाही. मामा तपासनीसांना म्हणाले, "साहेब, रोज असं नसतं." तपासनीसांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. "या सह्या तुमच्याच ना? आमच्याकडे तर रोज असंच आहे."

तक्रारीत तथ्य आढळलं नाही. तीन दिवस घरी बसावं लागलं म्हणून सुरीवाल्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या पोटावर पाय देऊन काय मिळवलंस?" त्यांना पाकिटांना शिक्के चिकटवायच्या खोलीत टाकलं. त्यांच्या जागी माणूस आला नाही, कॅमेरा बसवला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढा काळ ते हिरवी पानं चिकटवत राहिले, कारण मामीचे गुडघे गेले होते आणि दुसरीकडे त्यांना कोण घेणार होतं?

निवृत्तीनंतर ताईनं त्यांना तिच्या प्राणिमित्र मंडळाच्या सभेत बोलायला नेलं. ते न सजवता बोलले, स्वतःला एकदाही वाचवलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "आता तुम्ही खात नसाल ना?"

मामा म्हणाले, "खातो. पन्नास वर्षांची सवय आहे."

सभा गार पडली. चहाच्या वेळी त्यांच्याजवळ कुणी फिरकलं नाही. मामा कप घेऊन खिडकीशी एकटेच उभे होते. ताई दुसऱ्या टोकाला कुणाची तरी समजूत घालत होती. परतताना बसमध्ये ते म्हणाले, "खोटं बोलायला हवं होतं का मी?"

"नाही. सोडायला हवं होतं."

त्यानंतर ताईचं रविवारचं येणं कमी झालं आणि मग बंदच झालं. कामं असतात, असं ती फोनवर सांगते.

मामांनी गेल्या वर्षापासून मटण खाल्लेलं नाही. आधी म्हणाले, दात दुखतात. मग म्हणाले, पचत नाही. खरं काय ते एकदा मला सांगितलं: घास तोंडात घेतला की बोटाच्या टोकाला काहीतरी हुळहुळतं. मी म्हटलं, "ताईला सांगू का? तिला बरं वाटेल."

"मुळीच नाही," मामा म्हणाले. "तिला वाटेल, तिनं मला सुधारलं. मी सुधारलेलो नाही गं. मला फक्त गिळवत नाही."

मामी आत दोनच माणसांसाठी एका पातेल्यात डाळ शिजवत होती. तिनं ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही.