अंगठ्यावाचून साक्ष

धरणात गेलेल्या आमच्या जुन्या गावाचा इतिहास नातीने बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी निवडला, तेव्हा मी तिला एकच नियम सांगितला: ज्याने स्वतः पाहिले, तोच साक्षीदार; ऐकीव ते वेगळे नोंदवायचे. आयुष्यभर कचेऱ्यांना अर्ज लिहिणाऱ्याकडे दुसरे देण्यासारखे काय असणार?

पोरीने तो नियम माझ्याहून काटेकोरपणे पाळला. सुट्टीत अंबाजोगाईच्या कॉलेजातून आली की ती आमच्या पुनर्वसित गावात दारोदार फिरे. पाणी चढण्याआधीच वेशीतला मारुती हलवला, असे एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, नंतर. तिने दोन्ही लिहिले आणि दुसरा त्या हंगामात ऊसतोडीला गेलेला होता, हेही लिहिले. शेजारच्या आजींनी तिला सांगितले, "आमचं घर आमीच पाडलं, लाकडं गाडीत भरली. उंबरा तेवढा निघंना. त्यो अजून पान्यात हाय."

प्राध्यापकांनी प्रकल्प परत केला. तोंडी माहिती ग्राह्य नाही. प्रत्येकाची सही अथवा अंगठा जोडावा. इतिहास शिकवण्याचा पगार घेणाऱ्या या गृहस्थांना एवढे कळू नये की, या माणसांनी याआधी अंगठा दिला होता तो मावेजाच्या, बुडालेल्या घरादाराच्या भरपाईच्या, कागदावर?

नातीने शाईचा पॅड पुढे ठेवताच आजींनी हात पदराखाली ओढला.

"अंगठा कावून?"

"तुम्ही सांगितलं ते खरं आहे, एवढ्यासाठीच, आजी."

"तवाबी असंच म्हनले हुते. अंगठा दिला आन् गाव गेलं. मी काय सांगितलं न्हाई बाई. तू कुनाचं ऐकलं, कुनास ठाव." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमी वो, वकीलसायेब? जलमभर अर्ज लिव्हले. एक ईट तरी माघारी आली का?"

मी वकील नाही. वीटही आलेली नाही.

बाकीच्यांनीही तेच केले. शेवटी नातीने कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून किल्ल्यांवरचा तयार प्रकल्प आणला आणि पहिल्या पानावरचे नाव बदलले. मागच्या पानावर पुस्तकांची छापील यादी होती. प्राध्यापकांनी शेरा दिला, "उत्कृष्ट". त्यात कुणाचाही अंगठा नव्हता, कुणी मागितलाही नाही.

मी प्राचार्यांना सविस्तर तक्रार लिहिली. आजींचे म्हणणे शब्दशः उद्धृत केले. नातीने ती वाचली.

"आबा, हे काढा."

"निकालाची भीती वाटते?"

"निकाल राहू द्या. आपण काही सांगितलंच नाही, असं आजी म्हणाल्यात. मग हे तुम्ही कसं लिहायचं?"

नियम माझाच होता. मी आजींचे म्हणणे खोडले, मग त्यावर उभे असलेले मुद्दे एकामागून एक खोडत गेलो. कागदावर वर "महोदय" उरले आणि खाली माझी सही.