चिमूटभर मिशेरी

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. नाव लंकाबाई. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वाडीत आपल्यासारखी मिशेरी कुणालाच भाजता येत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि दुर्दैवानं ते खरं होतं. तंबाखू तव्यावर टाकायची, काळी होईपर्यंत मंद जाळावर हलवत राहायचं, मग बारीक करून डब्यात भरायची. घरात असा ठसका उठायचा की मी पोरांना घेऊन बाहेर पळायची. आत्या मात्र त्या धुरात सणाचा स्वयंपाक चालल्यासारख्या ऐटीत बसलेल्या असायच्या.

सकाळी उठलं की दारात उकिडवं बसायचं, बोटावर मिशेरी घ्यायची आणि दात घासायचे. दात घासायचे हे आपलं म्हणायला. तोंडात बोट घालून निम्म्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या व्हायच्या. येणाऱ्या बायका आपला डबा आणतच नसत, कारण कुणी मिशेरी मागितली तर द्यायची, ही आमच्याकडची रीत. आदल्या दिवशी झिंज्या उपटून भांडलेली बाई जरी दारात आली, तरी तोंड फिरवून का होईना, तिच्यापुढं डबा सरकवायचा. मिशेरीला नाही म्हणणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

त्यातही सगळ्यांत सैल हात भीमाबाईचा. भीमाबाई ही आत्यांची मैत्रीण. दोघी एकाच साली सुना होऊन वाडीत आल्या. दिवाळी झाली की आमची टोळी ऊसतोडीला बेलापूरकडच्या साखर कारखान्यावर जाते. तिथंही राहायला उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या करताना या दोघी शेजारची जागा सोडत नाहीत. टोळीचा मुकादम ओरडला तरी नाहीत.

गेल्या साली दसऱ्याच्या सुमाराला आत्यांनी जेवताना ठेचा बाजूला सारला. मी बघतच राहिले. ठेच्याशिवाय भाकरी म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याचं जेवण.

"तोंड पोळतंय गं," त्या म्हणाल्या.

उजेडात नेऊन बघितलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा. पदरानं पुसला तरी जाईना. आणि त्यावर आत्यांचा इलाज काय, तर त्याच चट्ट्यावर मिशेरी दाबून धरायची! दाढ दुखली, लाव मिशेरी. पोट साफ होईना, लाव मिशेरी. आमच्या बायकांचा सगळा दवाखाना त्या एका डब्यात. माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला, गहिनीनाथला, म्हटलं, उद्याची एसटी चुकली तर मी घरात पाऊल ठेवणार नाही.

नगरच्या दवाखान्यात सत्यशीला मॅडम म्हणून तोंडाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आधी विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

आत्यांना रागच आला. "न्हाई बाई. आमच्या घरात कुनाला नाद न्हाई."

गहिनीनाथनंही मान हलवली. आणि सांगते, त्या दोघांना खोटं बोलायचं नव्हतं. तंबाखू पुरुषांनी खायची, मिशेरीनं दात घासायचे, असा सगळा सरळ हिशेब. मीच तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी आत्यांचं काळं पडलेलं बोट धरलं. "मग दात कशानं घासता?"

"मिशेरीनं. दुसरं कशानं घासनार?"

मॅडम हसल्या नाहीत. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल घ्यायला पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी आत्यांनाच समोर बसवून सांगितलं. कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागलेलं आहे.

"आपल्या अंगातली पेशी बिघडली की तिनं आपणहून मरायचं असतं, आजी. तसा हुकूमच असतो तिच्या जनुकांत. तंबाखूनं काय होतं, त्या हुकमावर बारीक रासायनिक गाठी चिकटत जातात. हुकूम पुसला जात नाही, पण पेशीला तो वाचता येत नाही. मग मरायची ती मरत नाही, वाढतच बसते."

आत्यांनी विचारलं, "म्हंजी ह्या भवान्या मरायचं इसरल्यात?"

"अगदी तसंच."

"पन हुकूम मोडला न्हाई, निस्ता झाकलाय?"

"हो."

"झाकल्यालं उघडतं का?"

मॅडम जरा थांबल्या. त्यांच्या त्या थांबण्याबद्दल मला अजून आदर वाटतो. "काही जणांचं उघडतं. मिशेरी पूर्ण सोडली तर चट्टे कमी झालेले मी पाहिलेत. सगळ्यांचे होत नाहीत, तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण लावत राहिलात तर काय होईल ते मला माहीत आहे. संक्रांत झाली की मला दाखवायला यायचं."

वाडीत आल्या आल्या आत्यांनी सगळ्या बायकांना ही कथा ऐकवली. 'मरायचं इसरलेल्या' हे त्यांना इतकं आवडलं की आमच्या म्हाताऱ्या मुकादमालाही त्यांनी तेच नाव ठेवलं. डबा माझ्या हातात दिला, मी तो चुलीत रिकामा केला. वाटलं, सुटलो.

कुठलं सुटतोय! बेलापूरच्या फडावर पोचलो आणि पहाटे कोप्याकोप्यांतून मिशेरीचा वास यायला लागला. आत्यांचं पोट साफ होईना, डोकं दुखे, मोळ्या बांधताना हात थरथरे. माझ्यावर, पोरांवर, बैलांवर, सगळ्यांवर तोंड सुटलेलं. मी सगळं ऐकून घ्यायची. ते तोंड शाबूत राहावं म्हणून तर चाललं होतं सगळं.

एका पहाटे मी हांडा भरून येत होते. बघते तर आत्या भीमाबाईच्या कोपीपुढं उकिडव्या बसलेल्या, बोट पुढं केलेलं.

"भीमे, चिमूटभर दे. आजच्या दिस."

मागणारी आत्या, आणि जिनं जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, ती देणारी.

भीमाबाई म्हणाली, "मिशेरी हाय. पन तुला देनार न्हाई."

आत्यांना चेष्टा वाटली. त्या हसल्या, बोट तसंच.

"न्हाई म्हंजी न्हाई, लंके. जा."

सगळ्या कोप्या ऐकत होत्या. आत्यांनी बोट हळूच मिटलं. "जलमभर माझ्या डब्यातली लावलीस," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. त्यांचा तो चेहरा बघून मला रडू आलं. आणि त्याच वेळी, खरं सांगते, भीमाबाईचे पाय धरावेसे वाटले.

त्या नकारानं सगळंच फिरलं. दुसऱ्या बायका म्हणू लागल्या, भीमाबाईच देत न्हाई तर आमी कोन देनार? आत्यांना कुठंच मिशेरी मिळेना. दोघींचा अबोला पडला. एक फडाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. भीमाबाईसुद्धा त्या दिवसांत भलती चिडकी झाली होती. सुनेवर खेकसायची, डोक्याला फडकं आवळून बसायची. मला वाटलं, मैत्रिणीशी बोलणं नाही, तेच हिला सोसत नाही.

संक्रांतीनंतर नगरला गेलो. मॅडमनी दिवा लावून गाल पुन्हापुन्हा बघितला. मी खुर्चीची कड घट्ट धरून होते. "निम्म्याहून कमी झालाय, आजी." त्यांनी पुन्हा तुकडा घेतला. पुढं फोनवर निकाल कळवला. आधीचा बिघाड बराच ओसरलाय. आतलं झाकलेलं किती उघडलं ते तपासलेलं नाही, पण लक्षण चांगलं आहे. मिशेरी पुन्हा नाही, आणि दाखवायला येत राहायचं.

मी देवाचे, मॅडमचे, एसटीच्या ड्रायव्हरचेसुद्धा आभार मानले. आत्यांनी कुणाचेच मानले नाहीत. हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण घालून ठेचा रगडला, भाकरीवर घेतला आणि तडक भीमाबाईच्या कोपीत शिरल्या. मी मागोमाग.

"भीमे, तू न्हाई म्हनलीस म्हनून ह्यो दिस दिसला," आत्या म्हणाल्या. "तुजं उपकार म्या इसरनार न्हाई. पन संपली म्हनायचं की. हाय म्हनून न्हाई म्हनलीस, ते लई लागलं."

"संपली म्हनले असते तर तू दुसऱ्या कोपीत गेली असतीस. नायतर म्हनली असतीस, चल, दोघी मिळून भाजू."

"मंग तू आपली एकटीच लावत बसलीस व्हय, मला बाजूला टाकून?"

भीमाबाईनं उशाचा डबा काढून आत्यांपुढं उघडा केला. आत सुईदोरा आणि गुंड्या होत्या.

"तू नगरवरून आलीस ना, त्याच दिशी उकिरड्यावर वतली," ती म्हणाली. "जवळ असती तर तुला न्हाई म्हनाया मला जमलं असतं का गं?"

आत्यांनी तो डबा मिटून पुन्हा तिच्या उशाशी ठेवला. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्याला भरपूर ठेचा लावला आणि आधी भीमाबाईच्या तोंडात घातला.