भीमरावांचं वायफाय

भीमराव गजभिये सरकारी कचेरीत होते तेव्हा वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसत. साहेब वैतागायचे, कंत्राटदार हात जोडायचे. भीमराव चष्मा पुसून पहिल्या पानापासून सुरुवात करायचे. निवृत्तीनंतर सह्या संपल्या, पण जित्याची खोड!

म्हणून तर त्यांनी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही खुली संगणकप्रणाली घ्यायचं ठरवलं. ज्याची ओळ न् ओळ कुणालाही उघडून वाचता येते असं काहीतरी जगात आहे, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यातलं स्वतःला एक अक्षर कळत नव्हतं, हा भाग वेगळा.

इन्स्टॉल करताना मशीनने विचारलं, वायफायच्या कार्डाला ते चालवणारं कंपनीचं फर्मवेअर लागतं, ते बंदिस्त आहे, उघडून वाचता येत नाही, टाकू का? भीमरावांनी बाणेदारपणे ‘नाही’ दाबलं. वायफायनेही तितक्याच बाणेदारपणे चालायला नकार दिला.

नेमकी दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लेकीची, मैत्रीची, पीएचडीची तोंडी परीक्षा. ती जर्मनीत, परीक्षा ऑनलाइन बघता येणार होती. घराण्यातली पहिली डॉक्टर! भीमरावांना ते मोठ्या पडद्यावर, नीट बसून बघायचं होतं.

“अहो, माझ्या फोनवर बघू या की,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“त्या फोनच्या पोटात काय आहे, कुणाला ठाऊक!”

“उद्या मैत्री असेल,” बाई म्हणाल्या आणि भाजी चिरू लागल्या.

फर्मवेअर त्याच फोनवरून उतरवता आलं असतं. पण ज्याला नावं ठेवली त्याच्याच दारात जायचं कसं? सकाळी भीमराव हडपसरहून बसने बुधवार पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली.

“ही उघडून वाचता येईल का?”

“काका, तुम्हाला वायफाय हवंय की वाचनालय?”

परतताना बस गर्दीत अडकली. घरी पोचताच भीमरावांनी फाइल तशीच सांगितलेल्या फोल्डरमध्ये टाकली, मशीन बंद करून चालू केलं. वायफाय लागलं. त्यांनी घाईघाईने मैत्रीने पाठवलेली लिंक उघडली. पडद्यावर परीक्षक टाळ्या वाजवत होते. परीक्षा संपली होती. कोपऱ्यातल्या चौकटीत, बाहेरच्या खोलीत फोन घेऊन बसलेल्या कौशल्याबाई डोळे पुसत होत्या.

“आई, बाबा कुठे गं?” मैत्री विचारत होती.

“आतल्या खोलीत. इंटरनेट लावतायत.”

“मी आहे! मी आहे इथे!” भीमराव ओरडले. लॅपटॉपचा माइक बंद होता. तो आवाज बाहेरच्या खोलीतल्या फोनने पकडला आणि जर्मनीला पोचवला.

“बाबा! सगळं ऐकलंत ना? शेवटी मी तुमच्याबद्दल बोलले तेसुद्धा?”

भीमरावांना रडू आलं. ते उठून बाहेर गेले, कौशल्याबाईंना खेटून बसले आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, “शब्द न् शब्द ऐकला, बाळा.”