आप्पा गायधनींच्या गाडीतला पिवळा दिवा

सदर इसम नामे सावळीराम रंगनाथ गायधनी, राहणार मखमलाबाद, तालुका जिल्हा नाशिक, हे शासकीय वाहनचालक या पदावरून नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले असून संपूर्ण सेवाकाळात त्यांच्या हातून एकही अपघात घडलेला नाही. बांधा मध्यम, मिशी पांढरी, वर्तन समाधानकारक. सध्या त्यांच्या ताब्यात पांढऱ्या रंगाचे एक जुने पेट्रोल वाहन असून ते त्यांच्याखेरीज अन्य कोणी चालविल्याचे आढळून आलेले नाही. यापुढेही तसे घडण्याचा संभव दिसत नाही.

हे वाहन रोज सकाळी मखमलाबादहून निघतं, गिरणारे मागे टाकतं, वाघेऱ्याचा घाट चढतं आणि हरसूलजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेसमोर थांबतं. त्यातून आप्पांची सून स्नेहा उतरते. ती तिथे शिक्षिका आहे. आप्पा परत जात नाहीत. ते दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसतात, गळका नळ बघतात, बाजाराच्या दिवशी हरसूलला जाऊन बायकोसाठी भाकरीला नागली आणतात आणि संध्याकाळी सुनेला घेऊन घरी येतात. निवृत्तीनंतर माणसाने काय करावं यावर आप्पांनी कधी विचार केला नाही, कारण त्यांना ते करायला मिळत होतं.

पावसाळा सरता सरता गाडीच्या वेग दाखवणाऱ्या काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

आप्पांच्या सरकारी जीपला असा दिवा नव्हता. तिचं काही बिघडलं की धूर निघे, आणि धूर साहेबांनाही कळे. नुसता दिवा लावून गप्प बसणारी गाडी त्यांना आडमुठी वाटली. आधी त्यांनी पेट्रोलचं झाकण घट्ट लावून पाहिलं. मग बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली. दिवा गेला, आणि आठवड्याच्या आत परत आला.

"आप्पा, हे घाटात चालायचं नाही," मुलगा योगेश म्हणाला. तो सातपूरच्या एका कारखान्यात आहे आणि तिथे पिवळा दिवा लागला की मशीन थांबवतात. "महिनाअखेरीपर्यंत बघू. नाहीतर गाडी विकू. हरसूलला स्टँडजवळ एक खोली बघून ठेवलीय मी. स्नेहा तिथे राहील, शनिवारी येईल."

"मला खोलीत राहायचं नाहीये," स्नेहा म्हणाली.

"मलाही नकोय. पण घाटात बंद पडलेल्या गाडीतही नकोस."

सून खोलीत राहिली तर आप्पांना सकाळी उठायचं कारण उरणार नव्हतं, पण हे घरात मांडण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या पद्धतीने उपाय वाढवला.

ती पद्धत जुनी होती. सरकारी जीप ताब्यात मिळाली तेव्हापासून दर अमावास्येला ते बॉनेट उघडत, इंजिनाला हळदकुंकू वाहत, वर अक्षता टाकत, पुढच्या चाकाशी नारळ फोडत आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा बॅटरीशेजारी ठेवत. इतक्या वर्षांत अपघात झाला नव्हता, त्यामुळे या पद्धतीत दोष असेल असं मानायला जागा नव्हती. आता दिवा लागल्यावर ते शनिवारीही नारळ फोडू लागले. दिवा तरीही जाईना, तेव्हा रोज रात्री जेवणानंतर चिमूटभर अक्षता आणि गुळाचा खडा सुरू झाला.

"गाडीला रोज नैवेद्य," त्यांच्या पत्नी सविताबाई म्हणाल्या, "आणि माझ्या आमटीत खोबरं नाय."

"तुझ्या आमटीला घाट चढायचा नाय."

नैवेद्य सकाळी शिल्लक नसे. याचा आप्पांनी सरळ अर्थ लावला आणि त्यांना बरं वाटलं. गाडी घराशेजारच्या कांदे साठवायच्या रिकाम्या चाळीलगत उभी असते, याचा त्यांनी काहीच अर्थ लावला नाही.

पेठ रोडला संतोषचं गॅरेज आहे. त्याने गाडीला यंत्र जोडलं आणि सायलेन्सरवरच्या सेन्सरचा दोष निघाला. सेन्सर बदलला. दिवा गेला. शनिवारचा नारळ झाला आणि दिवा आला. संतोषने पुन्हा यंत्र जोडलं, पुन्हा तोच दोष. नवा सेन्सरच खराब निघाला असं म्हणून त्याने दुसरा बसवला, आणि पहिला ज्याने विकला त्या दुकानदाराला फोनवर बरंच ऐकवलं. या सगळ्या काळात संतोषला इंजिनात वावगं काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही उरतच नव्हतं. वर्कशॉपला वाहन अस्वच्छ न्यायचं नाही, हा आप्पांचा नोकरीतला नियम. गॅरेजला निघण्याआधी ते बॉनेट उघडून ओल्या फडक्याने सगळं लखलखीत करत. पुरावा असा दर वेळी स्वतःच्या हाताने पुसून ते पुराव्याच्या शोधात निघत.

महिना संपत आला असताना एका संध्याकाळी घाट उतरताना गाडीने दोन-तीन झटके दिले. स्नेहाने मांडीवरची पर्स घट्ट धरली. आप्पांनी गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ थांबले आणि पुन्हा चालू केली. ती चालू झाली, पण दिवा आता लुकलुकत होता. घरी न जाता त्यांनी ती तशीच पेठ रोडला नेली.

संतोषने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिला.

"आप्पा, हे काय हाय?"

"काय?"

"तांदूळ."

"अक्षता हायेत."

"आणि हे?" संतोषने नारळाच्या करवंटीची एक कपची काढून दाखवली. तिच्या कडेला बारीक दातांच्या खुणा होत्या. मग त्याने सेन्सरची वायर ओढून उजेडात धरली. तिच्यावरही तशाच होत्या, आणि एका ठिकाणी आतली तार उघडी पडली होती. "आप्पा, तुम्ही गाडीत उंदरांची खानावळ घातलीय."

"नैवेद्य असतो तो."

"हो, पण जेवतंय कोण? जेवून झाल्यावर तोंड पुसायला माझी वायर घेतात. मी सेन्सर बदलताना वायर सरकते, जराशी चिकटते, दिवा जातो. ते रात्री येऊन परत कुरतडतात. आणि मी इकडं दुकानदाराच्या खानदानाचा उद्धार करतोय."

स्नेहा हसू दाबायला गॅरेजच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. आप्पा तांदळाकडे बघत होते.

"रोज संपायचा," ते म्हणाले.

"संपणारच की."

संतोषने सगळी वायर नवी घातली, तिला जाड नळीचं कवच चढवलं, बॉनेटखालून सुक्या गवताचं एक घरटं काढलं आणि बजावलं की आता यात जिरेमोहरीसुद्धा पडता कामा नये. पूजा करायचीच तर लांबून नमस्कार करा. आप्पांनी मान हलवली. परत येताना दिवा बंद होता, आणि त्याचा आनंद गाडीत फक्त स्नेहाला झालेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. आप्पांनी नारळ घरात देवापुढे फोडला. बॉनेट उघडलं नाही. सविताबाईंनी खोबरं लगेच उचलून स्वयंपाकघरात नेलं.

गिरणारे मागे पडलं. घाटाच्या पायथ्याशी आप्पांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिले.

"काय झालं आप्पा? परत लागला का?"

"नाय." ते समोरच्या वळणाकडे बघत होते. "लायसन हाय ना तुझ्याकडं?"

होतं. लग्नाआधीच काढलेलं होतं. आप्पांनी ते शिवणकामाच्या प्रमाणपत्रासारखं मानलं होतं, स्थळ बघताना उपयोगी.

"आहे की. तुम्हीच कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीत."

"आता लाव." ते उतरले, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले. "बिनपूजेचा घाट मी कधी चढलो नाय. माझा पाय लटपटंल. तुला काय, तुला पूजेची सवयच नाय."

स्नेहाने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्या वळणाला आप्पांनी डाव्या बाजूला नसलेला ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणाला ते म्हणाले, "हॉर्न दे." तिसऱ्याला म्हणाले, "इतका नको." वर पोचल्यावर त्यांनी सीटखालची पाण्याची बाटली काढली, स्वतः प्यायले आणि मग तिला दिली.

महिनाअखेरीला योगेशने अंगणात गाडीची चावी फिरवून बघितली. दिवा नेहमीसारखा क्षणभर लागला आणि विझला. त्याने आणखी एकदा फिरवून बघितली. मग हरसूलच्या घरमालकाला फोन करून खोली नको म्हणून कळवलं. आप्पा पूर्वीसारखेच रोज सकाळी उठतात, गाडी पुसतात, सुनेसोबत निघतात आणि दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसतात.

घाटात गाडी स्नेहा चालवते.