रेलिकचं आदरार्थी रूप

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. काही वर्षांतून एकदा त्यांना सहकुटुंब प्रवासाचं भाडं मिळायचं. त्यांच्या खात्यातले लोक ते घेऊन काश्मीरला जात आणि पुढची चार वर्षं काश्मीरबद्दल बोलत. आमच्या घरी दिल्ली ठरली. राजधानी बघितली की बाकीचा देश बघितल्यात जमा, असं बाबांचं मत होतं. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा नुकतीच नववीची परीक्षा दिली होती.

आईचं कारण वेगळं होतं. आमच्या वसाहतीतल्या विहारात एकदा बाहेरगावचे भंते आले होते. दिल्लीच्या मोठ्या म्युझियममध्ये भगवंतांच्या अस्थी काचेच्या पेटीत ठेवल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं.

"कोनालाबी बघता येत्यात?" आईनं विचारलं. ती मूळची सिन्नरकडची. नाशकात वीस वर्षं राहूनही तिच्या बोलण्याला शहर लागलं नव्हतं.

"तिकीट काढलं की कोणालाही," भंते म्हणाले.

आईच्या वडिलांनी तरुणपणी पंचवटीत देवळाच्या दारात सत्याग्रहात कितीतरी दिवस काढले होते, आणि आत न जाताच ते सिन्नरला परत आले होते. त्यामुळे तिकीट काढलं की आत सोडतात, ही आईला फारच सुधारलेली पद्धत वाटली.

ही बातमी विहारातल्या बायकांमध्ये पसरली. निघायच्या आदल्या दिवशी अकरा जणींनी आईकडे एकेक मेणबत्ती आणून दिली. ती अस्थींना दाखवून आणायची आणि मग बुद्धपौर्णिमेला विहारात लावायची, असं ठरलं. कुणाची कुठली हे कळावं म्हणून आईनं प्रत्येक मेणबत्तीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. "अकरा जनींचा शब्द हाय माझ्यावर," असं ती नाशिकरोडपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर म्हणाली.

माझ्यावरही एक जबाबदारी होती. शाळेत मला इंग्रजीत बक्षीस मिळालं होतं, म्हणून दिल्लीतल्या पाट्या वाचण्याचं खातं बाबांनी माझ्याकडे दिलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण त्यांचं इंग्रजी नटबोल्टच्या मापांपुरतं होतं. माझ्या इंग्रजीला काहीच माप नव्हतं.

दिल्लीत आम्ही तीन दिवस होतो. बाबांनी कार्डशीटवर कार्यक्रम लिहून आणला होता. लाल किल्ला पाऊण तास. कुतुबमिनार चाळीस मिनिटं. संसद भवन बाहेरून, दहा मिनिटं. कुतुबमिनारजवळच्या लोखंडी खांबावर शेकडो वर्षांत गंज चढलेला नाही, हे मी पाटीवरून वाचून दाखवलं. बाबांनी खांबावर नख घासलं, वाकून बुंधा पाहिला आणि "मटेरियल चांगलं आहे," असं सांगितलं. त्यानंतरच आम्हाला त्या खांबाला पाठ लावून फोटोसाठी उभं राहायची परवानगी मिळाली.

शेवटच्या दिवशी दुपारी म्युझियम होतं. त्यानंतर प्राणिसंग्रहालय, तेही फक्त माझ्या धाकट्या भावाला वाघ बघायचा होता म्हणून, आणि संध्याकाळी सातची परतीची गाडी. आईनं हे तीन दिवस किल्ले आणि मिनार यांना निमूटपणे सहन केलं होतं. दिल्लीच्या उन्हानं मात्र मेणबत्त्यांना सहन केलं नाही. ओल्या पंच्यात गुंडाळूनही त्या एका बाजूला वाकल्या होत्या. अस्थींपर्यंत पोहोचायच्या आधीच त्यांनी वंदन करून टाकलं होतं.

म्युझियमच्या दालनाच्या दाराशी आईनं चपला काढल्या. गार्ड धावत आला.

"माताजी, चप्पल पहन लीजिए. यह मंदिर नहीं है."

"देऊळ नाय म्हनूनच आले मी," आई म्हणाली.

गार्डनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्याचं भाषांतर "इनको गरम होता है" असं केलं. आईनं चपला पिशवीत घातल्या आणि ती तशीच आत गेली.

आत मूर्ती, मूर्ती आणि मूर्ती होत्या. आई प्रत्येकीसमोर थांबून माझ्याकडे बघायची, मी पाटी वाचायची आणि नकारार्थी मान हलवायची. शेवटी एका काचेच्या पेटीत दगडी करंड्यासारखं काहीतरी दिसलं. खाली पाटी होती. तिच्यात ‘रेलिक’ हा शब्द होता, आणि रेलिक म्हणजे पवित्र अवशेष हे मला धड्यामुळे पाठ होतं. पण त्याच्या आधी मोठ्या अक्षरांत ‘रेप्लिका’ असाही एक शब्द होता.

मी थोडा विचार केला. त्या वयात मी फार झटपट विचार करत असे. मराठीत नाही का, ‘तू’चं ‘आपण’ होतं? साध्या माणसाचं हाड असेल तर रेलिक. भगवंतांच्या अस्थींना नुसतं रेलिक कसं म्हणतील? रेप्लिका हे रेलिकचं आदरार्थी रूप असणार, असं मी ठरवलं. इंग्रजांनी एवढी तरी रीत पाळली याचं मला बरं वाटलं.

हिंदी पाटी पेटीच्या पलीकडच्या बाजूला होती. इंग्रजी येत असताना तिकडे जायचं कारण नव्हतं.

"हेच," मी म्हणाले.

"नक्की ना गं?"

"आई, स्पष्ट लिहिलंय."

आईनं डोक्यावर पदर घेतला, गुडघे टेकले आणि त्रिसरण, पंचशील म्हटलं. भावालाही वाकवलं. मग तिनं पंचा सोडला आणि एकेक वाकडी मेणबत्ती काचेसमोर धरली. "ही नळापाशी राहतात त्यांची. ही नर्सबाईंची. ही त्या म्हाताऱ्या मावशींची, त्यांना येता नाय आलं." अकरा झाल्या. आईचे डोळे भरून आले होते. बाबांनी घड्याळ पाहिलं, पण कौतुकानं पाहिलं. कार्यक्रम वेळेवर चालला होता.

निघताना भाऊ पेटीच्या पलीकडे जाऊन काचेवर नाक दाबून बसला. त्याला ओढायला मी गेले आणि हिंदी पाटी माझ्या डोळ्यांसमोर आली. ‘प्रतिकृति’. ति ऱ्हस्व होती, पण अर्थ दीर्घ होता.

मी भावाला घेऊन निमूटपणे बाहेर आले.

बाहेर झाडाखाली आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. म्हणजे त्यांनी खाल्ली. गाडीत बसल्यावर सांगू, असं मी आधी ठरवलं, मग नाशिकला गेल्यावर, मग लग्न झाल्यावर. तेवढ्यात आई म्हणाली, "म्हाताऱ्या मावशी काय इचारतील ठाव हाय का? म्हनतील, खरंच पाह्यलं का गं डोळ्यांनी? मी म्हनीन, माझ्या पोरीनं वाचून दाखवलं."

मी हातातली दशमी डब्यात परत ठेवली.

"आई, ती खोटी होती."

"कोन, मावशी?"

"पेटीतली वस्तू. रेप्लिका म्हणजे नक्कल. पलीकडे हिंदीत लिहिलंय."

भाऊ चटणी चाटत होता. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कार्डशीटकडे. "म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला पीस," ते हळूच म्हणाले. "ओरिजिनल नाही."

मला वाटलं आई ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पंच्याची गाठ पुन्हा घट्ट केली. "अकरा जनींना काय दाखवलं मग मी? काचपेटी?"

"अगं, भाव महत्त्वाचा," बाबा म्हणाले. "आता चार वाजले. प्राणिसंग्रहालय..."

"तुम्ही इमान बनवता ना? तिथं लाकडाचं इमान ठेवलं तर बसाल का त्यात भावानं?"

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि कार्डशीटवरचा वाघ खोडला. माझा भाऊ आज पन्नाशीत आहे. वाघाचा विषय निघाला की तो आजही माझ्याकडेच बघतो.

बाबांनी पुन्हा तिकिटं काढली. दारावर तोच गार्ड होता. आईच्या अनवाणी पायांकडे पाहून त्यानं काहीच विचारलं नाही. बाबांनी या वेळी मला बाजूला केलं आणि थेट त्यालाच विचारलं, "भाईसाब, ओरिजिनल किधर है?" गार्डनं बोट दाखवलं. पुढचंच दालन होतं. आमची मघाची वीसेक पावलं कमी पडली होती.

तिथल्या पेटीत फिकट रंगाचे लहान लहान तुकडे होते. आईनं मला पाटी मोठ्यानं वाचायला लावली. मग पलीकडची हिंदी वाचायला लावली. मग पुन्हा इंग्रजी. तोवर बंद व्हायची घंटा झाली आणि लोक बाहेर पडू लागले.

आई गुडघ्यांवर बसली. या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती फक्त बघत होती, बाजारात वजनकाट्याकडे बघावं तशी, नीट. मग पुन्हा मेणबत्त्या. नळापाशी राहतात त्यांची. नर्सबाईंची. पाचवीला गार्ड किल्ल्यांचा जुडगा घेऊन जवळ आला. सातवीला त्यानं किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरल्या. अकरावीनंतर तो म्हणाला, "हो गया, माताजी?"

"झालं," आई म्हणाली. हे त्याला भाषांतराशिवाय कळलं.

परत येताना ती मघाच्या पेटीसमोर थांबली.

"आता काय?" बाबा म्हणाले. "गाडी आहे सातची."

"मघाशी याच्यापुढं एवढी वाकले. आता तोंड फिरवून जाऊ का?" आणि तिनं त्या नकलेलाही एक छोटा नमस्कार केला. मीही केला. माझा जरा जास्त वेळ चालला.

पौर्णिमेला विहारात अकरा मेणबत्त्या लागल्या. सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या होत्या, त्यामुळे मेण ताटात न पडता चादरीवर पडत होतं. म्हाताऱ्या मावशींनी अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "खरंच पाह्यलं का गं डोळ्यांनी?"

"दोन पाह्यल्या," आई म्हणाली. "एक खऱ्या आन एक इंग्रजीतल्या."

मावशींना काही उलगडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पाटी या पोरीनं वाचली म्हनं?"

मी चादरीवरचं मेण खरवडायला खाली बसले.

"तिनंच," आई म्हणाली. "चार डाव वाचली."